पळत्या गाडीचा फोटो

चिंचणीला आमच्या आळीत सकाळ हातोडीने व्हायची. आधी एका ओटीवरून ठक्, मग समोरच्या घरातून ठक् ठक्, आणि चहाची भांडी विसळून होईपर्यंत सगळी आळी ठोकायला बसलेली असायची. बाबा डायमेकर होते. डाय म्हणजे हातात मावेल एवढा पोलादाचा ठोकळा. त्यात कर्णफूल, पान, मणी असा एकेक आकार खोलगट कोरायचा, की सोनार त्यावर दागिना दाबून काढतो. बाबा ओटीवर खिडकीखाली बसत, एक पाय दुमडून, दुसरा पसरून, आणि डोळ्याला भिंग लावून एका पानाच्या शिरा दोन-दोन दिवस कोरत. घरातल्या बायकांकडे डाय घासायची, तेल लावून कागदात गुंडाळायची कामं असत. ठोकायला बायकांनी बसायचं नाही. का, असं विचारलं तर बाबा म्हणत, "बायकांचा हात सारखा पडत नाय." आई त्याच वेळी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत असे. सगळ्या एका मापाच्या, एका जाडीच्या. मी तिच्या हाताकडे बघायची, बाबांच्या हाताकडे बघायची आणि मला काही कळायचं नाही.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते. मला ठोकायला बसायचं होतं. याला कारण वगैरे काही नव्हतं. घासून घासून माझी बोटं काळी झाली होती, आणि दुसऱ्याने केलेली वस्तू चकचकीत करण्यापेक्षा ती आपणच का करू नये, एवढाच हिशोब होता. मी रोज एकदा विचारायची, बाबा रोज एकदा नाही म्हणायचे. जेवणात मीठ असावं तसं ते झालं होतं. कुणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

अशात वसंतमामाने गाडी घेतली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहायचा बोईसरला. गाडी मुंबईत टॅक्सी म्हणून चालून चालून दमलेली होती. मामाने तिला दुधी रंग दिला, छपरावर सामानाचं कॅरिअर ठोकलं आणि स्टेशनवर उतरणाऱ्या साहेबलोकांना कारखान्यांत पोचवायचा धंदा सुरू केला. धंदा बरा चालला. मग त्याच्या डोक्यात आलं की दिवाळीला स्वतःचं कॅलेंडर छापायचं आणि सगळ्या कारखान्यांच्या गेटवर लावायचं. त्याने कुठल्याशा गॅरेजात एक परदेशी कॅलेंडर पाहिलं होतं. त्यात गाडी अगदी रेखीव, हेडलाइटमधली काचेची नक्षीसुद्धा दिसते, आणि मागची झाडं, खालचा रस्ता हे सगळं पाण्यासारखं वाहतंय. "मंगल, तसा फोटो पायजे," तो मला म्हणाला. बोईसरच्या स्टुडिओतल्या शर्माजींना त्याने रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः त्यांच्यासमोरून तीन वेळा गाडी पळवत नेली. फोटो आले. मामाने ते आमच्या ओटीवर आणून टाकले.

"भावोजी, बघा. साठला होती गाडी. साठला! आणि हिच्यात कशी दिसते? कुनीतरी पंचर काढायला उभी केल्यासारखी."

दुसऱ्या फोटोत गाडीऐवजी नुसता दुधी फराटा होता. तिसऱ्यात रस्ताच होता, गाडी निघून गेलेली. आई म्हणाली, "हा चांगला आलाय," आणि सुकटाची डोकी काढत राहिली.

मी ते फोटो बराच वेळ पाहिले. एसटीत बसलं की समोरच्या बाकावरची बाई जागच्या जागी असते आणि खिडकीतली झाडं पळतात, हे मला आठवलं. मी म्हटलं, "कॅमेरा रस्त्यावर कशाला ठेवायचा? गाडीलाच बांधायचा. गाडीबरोबर तोही पळेल. मग गाडी उभी दिसेल आणि झाडं पळतील."

"पन मला गाडी पळताना पायजे. उभी कशी चालेल?" मामा म्हणाला.

"उभी दिसली म्हणजेच पळताना दिसेल."

हे बोलताना मला बरोबर वाटत होतं, बोलून झाल्यावर माझं मलाच कळेना. मामा तर डोकं धरून बसला. पण बाबांनी हातोडी खाली ठेवली. ते क्वचितच ठेवत. "पोर म्हनते ते बरोबर हाय," ते म्हणाले. "डाय आणि पत्रा एकमेकांना घट्ट असले तर सगळी ऐरन हलली तरी आकार फाटत नाय. वसंता, बांध कॅमेरा गाडीला." मी संधी सोडली नाही. म्हटलं, मी बांधते. पळत्या गाडीचा फोटो आणून दाखवला, तर मला ठोकायला बसू द्यायचं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मामाकडे बघितलं. "नंबरप्लेटीवरचा आकडा न् आकडा वाचता आला पायजे," ते म्हणाले. "मग बस." आई आतून म्हणाली, "शब्द दिलात हं, मी ऐकलाय."

बोईसरच्या भंगारवाल्याकडे भोकाभोकांचे लोखंडी अँगल मिळत. कारखान्यांच्या गोदामांतल्या मांडण्या मोडल्या की त्यांचा ढीग त्याच्याकडे यायचा. मी त्यातले सरळ बघून निवडले, मामाने ते कॅरिअरवर टाकून आणले. एक लांब अँगल छपरावरच्या कॅरिअरला, एक पुढच्या बंपरला, आणि दोन्ही गाडीच्या डाव्या अंगाला पुढे जाऊन एकमेकांना मिळतात, अशी तिकटी मी जुळवली. तिच्या टोकाला लाकडी फळी आणि फळीवर कॅमेरा, तोंड गाडीकडे. डावं अंग अशासाठी की समोरून येणाऱ्या ट्रकने कॅमेरा नेऊ नये. कॅमेऱ्याचं बटण दाबायला सायकलच्या ब्रेकची वायर वापरली. गाडीत बसून ब्रेकचा दांडा दाबला की तिकडे एक पट्टी बटणावर टेकायची. ही युक्ती माझी. आजही ती आठवली की बरं वाटतं. कॅमेरा शर्माजींचा होता. त्यांनी तो देताना कडेवरचं मूल दत्तक द्यावं तसा दिला. "बेबी, शाम को लेना, धूप में नहीं," ते म्हणाले आणि एक चकती फिरवून दाखवली. "इसको यहाँ रखना. आँख धीरे झपकेगी, तभी पीछे का सब बहेगा." मला एवढंच समजलं की आकडा लहान तेवढा डोळा जास्त वेळ उघडा.

पहिल्या रोलला मी आणि मामा तारापूरच्या रस्त्याने गेलो. एक फोटो काढला की गाडी थांबवायची, उतरायचं, रीळ पुढे फिरवायचं, परत बसायचं. सायकलवरून घरी चाललेले कामगार उतरून बघायचे. एकाने विचारलं, "ये क्या मछली पकड़ने का है?" मामा म्हणाला, "हाँ, बड़ी वाली." तो माणूस खरंच मागच्या डिकीकडे बघायला गेला. छत्तीस फोटो काढले. शर्माजींनी धुऊन दिले तेव्हा म्हणाले, "सब हिला हुआ है." झाडं हललेली, रस्ता हललेला, ते हवंच होतं. पण गाडीही हललेली. नंबरप्लेटीच्या जागी मुंग्यांची रांग.

मी बाबांना दाखवले. त्यांनी भिंग लावून एकेक पाहिला. "ढिली हाय कुठेतरी," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः येऊन एकेक बोल्ट आवळला. दोन अँगलच्या मध्ये फट होती तिथे पत्र्याचा तुकडा कानशीने घासून असा बसवला की कागद जाणार नाही. आणखी एक आडवा अँगल घातला. आळीतल्या दोघांनी येऊन तिकटी धरून हलवली, सबंध गाडी हलली पण तिकटी नाही. "आता हलली तर नाव बदलीन," बाबा म्हणाले. दुसरा रोल पहिल्यापेक्षा वाईट आला. त्यात नंबरप्लेट दोन-दोन दिसत होती. आणि मामाने जितकी जोरात चालवली तितकी वाईट.

या ठिकाणी माझी मती गुंग झाली. आमच्या घरात घट्ट आवळणं हे शेवटचं उत्तर होतं. ठसा दुहेरी उठला तर डाय ढिली आहे, आवळा. खिडकी वाजते, आवळा. आईसुद्धा लोणच्याच्या बरणीला फडकं बांधताना गुडघा लावून आवळायची. आवळून आवळून एखादी गोष्ट जास्त हलते, असं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मी तिकटीला हात लावून बघितला, ती खांबासारखी ताठ. मग हलतं काय? माझे डोळे? तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "होनार नाय ते. सोड." ते फोटोबद्दल बोलत होते की ठोकायला बसण्याबद्दल, हे मला कळलं नाही. विचारायचीही भीती वाटली. मामाच्या कॅलेंडरवाल्याने आठ दिवसांची मुदत दिली होती. माझ्याकडे एक रोल उरला होता आणि डोक्यात एकही विचार नव्हता.

तिसऱ्या वेळी आम्ही बेटेगावच्या बाजूला गेलो, तिथे रस्ता सरळ होता म्हणून. संध्याकाळ होत आली होती, भात कापलेल्या शेतांचा वास सुटला होता. मी चकती आणखी एक घर मागे नेली. का, ते सांगता येणार नाही. बाकी काही सुचत नव्हतं म्हणून. बरेच फोटो काढले, सगळे पळत्या गाडीतून. मग गाडी दोन आचके देऊन थांबली. मामाने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रोज साहेबांना वेळेवर पोचवणारा माणूस पेट्रोल भरायला विसरला होता.

"उतर," तो म्हणाला. "पंपापर्यंत ढकलू."

"पंपापर्यंत?"

"मग काय गाडीत पाट घालून बसतेस?"

मी उतरून मागून ढकलायला लागले. मामा स्टिअरिंग धरून आत. गाडी जड, वर तीन अँगल. तेवढ्यात पाड्यावरच्या दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन मागून आल्या. एक माझ्या आईच्या वयाची, दुसरी तिची सून असावी. थोरली म्हणाली, "काय वो बाय, मोटर मानसाला वढते का मानूस मोटरला?"

"आज माणूस मोटरला," मी म्हटलं.

त्यांनी भारे उतरवून सरळ कॅरिअरवर टाकले. "आमचा गवत ने, आमी ढकलू," थोरली म्हणाली, आणि दोघी माझ्या दोन बाजूंना येऊन लागल्या. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. सुनेला पुढे बाहेर लटकणारा कॅमेरा दिसला. "तो काय हाय?" मी सांगितलं, फोटो काढायचा. "मंग आमचा पन काढा की!" थोरली ओरडली, "ओ भाऊ, फोटू काढ!" मामा आतून हसत म्हणाला, "हां, हां, हसा सगळ्यांनी," आणि त्याने सायकलच्या ब्रेकचा दांडा दाबला. तिकडे क्लिक झालं. कॅमेऱ्याचं तोंड गाडीच्या नाकाकडे होतं, आम्ही तिघी डिकीमागे. त्या बायका कशा येणार फोटोत? पण दोघींनी पदर सारखे केले, आणि पंपाजवळ भारे उतरवताना थोरलीने विचारलं, "फोटू कदी देशील?" मी म्हटलं, दिवाळीला. खोटं बोलायचं नव्हतं. खरं सांगायला धीर झाला नाही एवढंच.

शर्माजींनी रोल धुतला. त्यांनी शेवटचा फोटो माझ्यासमोर ठेवला. दुधी गाडी धावत होती. धावत कसली, उडत होती. रस्ता तिच्याखालून रेघारेघांनी निसटत होता, मागची ताडाची झाडं आडवी झाली होती, आणि गाडी मात्र डायमध्ये कोरावी तशी. काचेआड मामा दात काढून हसत होता, साहेबांना वाऱ्यावर नेणारा ड्रायव्हर वाटावा असा. वरच्या कडेला कॅरिअरवर काही हिरवट दिसत होतं, ते गवत. नंबरप्लेटीवरचा आकडा न् आकडा वाचता येत होता. "बेबी, कितनी स्पीड थी?" शर्माजींनी विचारलं. मी मामाकडे बघितलं. आम्ही चालत होतो, आणि तेही दमून. माझं डोकं पुरतं फिरलं. जोरात पळवली तेव्हा गाडी उभी नाहीतर फाटकी दिसली, आणि ढकलली तेव्हा पळाली.

माझ्या भाचीने अलीकडे मला सांगितलं की जाहिरातवाले असे फोटो आजही याच पद्धतीने काढतात, इंजिन बंद ठेवून, माणसांनी ढकलून. इंजिन चालू असलं आणि चाक खड्ड्यांतून गेलं की थरथर लोखंडातून कॅमेऱ्यापर्यंत जाते, आणि आपण जितकं आवळू तितकी नीट जाते. ऐकून बरं वाटलं. पण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

घरी मामाने फोटो बाबांच्या पुढ्यात ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ऐंशीला होती, भावोजी. ऐंशी! पोरीच्या तिकटीला तोड नाय." बाबांनी भिंग लावलं. नंबरप्लेट वाचली, एकदा मनात, एकदा मोठ्याने. आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मग बाबांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "बरं. उद्या सकाळी बस."

याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. गप्प राहायचं होतं फक्त. मी म्हटलं, "गाडी बंद होती. पेट्रोल संपलं होतं. ढकलत होतो."

"अगं गप की!" मामा म्हणाला.

"ढकलत?" बाबांनी विचारलं.

"मी आणि पाड्यावरच्या दोन बायका."

बाबांनी फोटो परत उचलला, लांब धरला, जवळ धरला. "म्हंजे ही पळत नाय."

"नाय."

"मग तू सांगितलंस ते झालंच नाय. पळत्या गाडीचा फोटो म्हनाली होतीस तू."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि तरी मला इतका राग आला की पुढचं मी ठरवून बोलले नाही. "तुमच्या डायमधून मणी निघतो तो भरीव दिसतो," मी म्हटलं. "बायका गळ्यात घालतात, बघणारीला वाटतं दोन तोळ्यांची माळ. आत काय असतं? वारा, नाहीतर लाख. कागदासारखा पत्रा असतो तो. तुम्ही जन्मभर तेच केलंत. मग माझी गाडी पळताना दिसली तर ती चालत नाही?"

आमच्याकडे बाबांना असं कुणी बोलत नसे. आईने मामाकडे पाहिलं, मामाने छपराकडे. बाबा उठले, पायांत चपला घातल्या आणि समुद्राच्या बाजूला निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते कामाला बसले, मी घासायला बसले, आणि रोजचा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारला नाही. मामाने कॅलेंडर छापायला दिलं. अँगलचं टोक कोपऱ्यात दिसत होतं, त्यावर छापणाऱ्याने टॅक्सीचा पत्ता टाकून ते झाकलं. गेटवरचे वॉचमन वेग विचारत, आणि मामा सांगे. दिवाळी सरेपर्यंत तो शंभराच्या पुढे गेला होता. दोन कॅलेंडरं घेऊन मी बेटेगावच्या पाड्यावर गेले. थोरलीने कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं. "आमी कुठे?" तिने विचारलं. मी म्हटलं, मागे. ती सुनेला म्हणाली, "बघ, आपला गवत आलाय," आणि ते तिने कुडाला लावलं.

परत आले तर ओटीवर बाबा एकटेच. समोर ऐरण, हातात हातोडी, पण ठोकत नव्हते. "तो मनी," ते एकदम म्हणाले, "पोकळ असतो. पन सोनार गिऱ्हाइकाला वजन सांगतो. सांगितलं नाय तर ती चोरी."

"मी पण सांगितलं," मी म्हटलं. "न विचारता."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. मग खिडकीखालून जरा बाजूला सरकले आणि एक वाया गेलेला ठोकळा वाइसच्या जबड्यात आवळून त्यावर खडूने रेघ मारली. "ही धर छिन्नी. रेघेवर मार." मी मारलं. "तिरका," ते म्हणाले. "परत." मी परत मारलं. "परत." आई दारात येऊन बघून आत गेली. जेवायची वेळ झाली, टळली, माझा खांदा भरून आला, आणि ते परत, परत म्हणत राहिले. शेवटी मी विचारलं, "बाबा, म्हणजे मी जिंकले की हरले?"

"हात थांबवू नको," ते म्हणाले.